अर्धशिशीची तारीख

मराठी घरात अर्धशिशीला ‘पित्त’ म्हणण्याची रीत जुनी आहे. अर्धे डोके ठणकते, उजेड सोसवत नाही, उलटी झाली की थोडा उतार पडतो. साहजिकच दोष पोटावर जातो. रायपूरच्या पंडरीत, कापडबाजारातील एका दुकानात हिशेब लिहिणारी चाळिशीची एक मराठी स्त्री वीस वर्षे हेच मानत आली. उन्हाळ्यात ऊन, लग्नसराईत जागरण, भाद्रपदात हरतालिकेचा उपवास (शेजारणींचा तीजाही त्याच दिवशी): कारण दर वेळी नवे सापडे. मग तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या खाड्यांशेजारी, डोकेदुखीच्या दिवसांवर फुल्या मारायला आरंभ केला. चार महिन्यांत उलगडा झाला. बहुतेक फुल्या पाळीच्या आदल्या दोन किंवा पहिल्या तीन दिवसांत पडल्या होत्या.

या संबंधाचा छडा लागून अर्धे शतक उलटले आहे. 1970 च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील सॉमरव्हिल या चेतातज्ज्ञांनी मोजक्या स्त्रियांना पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन दिले. पाळी लांबली, पण डोकेदुखी बहुतेकींना ठरल्या वेळीच आली. नंतर एस्ट्राडिओल दिले, तेव्हा पाळी वेळेवर आली आणि अर्धशिशी लांबली. म्हणजे दुखण्याचे मूळ रक्तस्रावात नव्हते. पाळीपूर्वी इस्ट्रोजेनची पातळी झपाट्याने घसरते, त्या घसरणीत होते. या घसरणीने चेहरा व मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहणारी चेता अधिक हळवी होते, असे आज मानले जाते.

स्त्रीचे सारे आयुष्य या चढउताराशी बांधलेले असते. वयात येण्यापूर्वी मुलगे व मुली यांच्यातील अर्धशिशीचे प्रमाण जवळपास सारखे असते. पुढे स्त्रियांत ते पुरुषांच्या दोन ते तीन पट होते. गरोदरपणात चौथ्या महिन्यानंतर अनेकींना आराम पडतो, बाळंतपणानंतर दुखणे परतते. पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत संप्रेरके अनियमित होतात आणि झटके वाढू शकतात. पाळी कायमची थांबल्यावर पुष्कळ जणींची सुटका होते.

पंडरीतल्या त्या स्त्रीने डॉक्टरांना फुल्यांची पाने दाखवली, तेव्हा प्रश्न आले ते गोळ्यांविषयी. वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. दुखण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चकाकणाऱ्या रेषा दिसतात का, हाही प्रश्न महत्त्वाचा होता. तशा दिसत असतील तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. त्या टाळाव्या लागतात. उलट, पाळी नियमित असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या ठरावीक दिवसांपुरतेच प्रतिबंधक औषध घेता येते. तिला हाच मार्ग सुचवला गेला.

‘हिची नेहमीचीच कटकट’ म्हणून जे दुखणे घरात झटकले जाते, त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. तीन महिन्यांची नोंद, त्यात पाळी, डोकेदुखी आणि घेतलेली गोळी, एवढी सामग्री डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते. मात्र अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, बोलताना अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांसाठी नोंदीची वाट पाहू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.