बॅटरी भरलेली, पंप मात्र दमलेला

पिरनवाडीला समुद्र नाही. गावातून फुटणारा जांबोटी-चोर्ल्याचा रस्ता गोव्याला जातो, एवढंच आमचं समुद्राशी नातं. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. विजेशी माझी ओळख म्हणजे घरातला फ्यूज बदलणं, तोही मेन स्विच दोनदा तपासून.

ताई मात्र देवबागला दिलेली. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांची गर्दी, असं ते गाव. श्रावणात आंबोलीचा घाट उतरून मी आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेले, तर भावोजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यांची बावीस फुटी फायबरची होडी झापांखाली झाकून ठेवलेली आणि नारळी पौर्णिमा नऊ दिवसांवर. होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप गेल्या हंगामापासून कण्हत होता. मालवणच्या वायरमनला सणाआधी सवड नव्हती. भावोजींनी मल्टिमीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू फक्त हात चालव. मी सांगतंय."

बॅटरीच्या टर्मिनलवर काड्या टेकवल्या, आकडा आला 12.6. भरलेली बॅटरी अशीच दिसते, हे त्यांनी सांगितलं. आत सहा घरं, प्रत्येकात साधारण 2.1 व्होल्ट. 12.2 च्या आसपास ती निम्मी संपलेली असते. म्हणजे भरलेली आणि अर्धी यांत अर्ध्या व्होल्टाचाही फरक नाही! मग पंपाच्या टोकाला मोजलं. तिथेही 12.6. वायर तुटलेली नव्हती, बॅटरी कमजोर नव्हती. पंपाचं बटण दाबलं की मात्र तो घरघरायचा आणि बादलीतलं पाणी बोटभर धारेनं बाहेर यायचं.

"करंट तर पुरो आसा. मगे पंप असो कित्याक रडता?" भावोजीही बुचकळ्यात.

दोन तास मी त्या होडीत बसून होते. शेवटी आमच्या पिरनवाडीच्या नाक्यावर ट्रॅक्टर आणि टेम्पोचं वायरिंग करणाऱ्या मामांना फोन लावला. त्यांनी होडी कधी हाताळलेली नाही, पण बारा व्होल्टांवर त्यांचं सारं आयुष्य गेलंय.

"अगं, पंप बंद ठेवून मोजालीस व्हय? चालू ठेव आणि मग मोज की."

चालू ठेवला. बॅटरीवर 12.4. पंपाच्या टोकाला 10.3. दोन व्होल्ट वाटेतच गायब.

मामांनी समजावलं ते असं. आपल्या गल्लीतला शेवटचा नळ घे. सगळे नळ बंद असले की त्यालाही पूर्ण दाब असतो. पाणी वाहायला लागलं की बारीक पाइपातून लांब जाताना दाब मरतो. वाहत नसलेल्या विजेचा व्होल्टेज वायर खात नाही, वाहणाऱ्याचा खाते.

मग मी कागद घेतला, कारण आकडे ही माझी रोजची भाषा. पंपाला 5 अँपिअर लागतात. बसवलेली वायर होती पाऊण चौरस मिलिमीटरची, घरातल्या टेबलफॅनला लावतात तसली. बॅटरीपासून पंप आठ मीटर, पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून सोळा मीटर. असल्या वायरचा रोध मीटरला 0.026 ओहम. गुणाकार केला: 2.1 व्होल्ट. मीटरनं दाखवलेला आकडा कागदावर जसाच्या तसा उतरला, तेव्हा अंगावर काटा आला.

घरात 230 व्होल्ट असतात, म्हणून साठ वॅटच्या वस्तूला पाव अँपिअर पुरतो आणि बारीक वायर निभावते. बारा व्होल्टांवर तेच काम करायला 5 अँपिअर लागतात. शिवाय घरात दोन व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही, इथे मात्र ते सहावा हिस्सा होतात. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली तर नुकसान 0.4 व्होल्टावर येणार होतं.

परतीच्या वायरनंही मला बराच वेळ फिरवलं. मामांच्या ट्रॅक्टरला दिव्यापर्यंत एकच वायर नेली तरी चालते, कारण लोखंडी बॉडी हीच मायनस. फायबरची होडी वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंपाला मायनसची स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत आणावी लागते.

जुनी वायर सोलली, तर आतलं तांबं काळं पडलेलं, टोकाला हिरवा थर. खारी हवा वायरच्या कव्हराआडून वीतभर आत शिरली होती. होडीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळते. आजी तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, तीच ही युक्ती. मी मालवणात जाऊन ती आणली, महाग पडली तरी.

काम सुरू करण्याआधी मामांनी फोनवर बजावलं, "आधी अंगठी काढ." बारा व्होल्टांचा झटका बसत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. पण प्लस-मायनसमध्ये अंगठी किंवा पाना अडकला, तर हीच बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि धातू लाल होतो. अंगठी ताईकडे दिली, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली. आधी मायनस सोडवला, जोडताना तो शेवटी. खोक्याला हवा जायला भोकं ठेवली, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि खोकं तळापासून वर उचलून घट्ट बांधलं. शिशाच्या बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर विषारी क्लोरिन तयार होतो, हे भावोजींनाही नवीन होतं.

सगळ्यात अस्वस्थ केलं ते फ्यूजनं. तो होता, पण पंपाजवळ. फ्यूज पंपासाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरी आणि पंप यांच्यामधल्या आठ मीटरांत कुठेही प्लसची वायर घासून उघडी पडून मायनसला टेकली असती, तर पंपाजवळच्या फ्यूजला पत्ताही लागला नसता आणि पेट्रोलच्या टाकीखालून जाणारी वायर पेटली असती. मी दहा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात बसवला.

बॅटरी 75 अँपिअर-तासांची. अर्ध्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर पंप सलग साडेसात तास चालेल. रात्रभराच्या पावसात पहाटे इंजिनाला स्टार्ट द्यायला ती पुरेल याचा भरवसा नाही. स्टार्टरसाठी दुसरी बॅटरी वेगळी हवी, असं मी भावोजींना सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पंप चालू ठेवून मोजलं: त्याच्या टोकाला 12.0. बादली काही सेकंदांत कोरडी. दुसऱ्या दिवशी नारळ वाहून होडी खाडीत गेली.

किनाऱ्यावर ज्यांच्या होड्या आहेत त्यांना एवढीच विनंती. पाण्यात लोटण्याआधी बॅटरीच्या खोक्याचं झाकण उघडा. प्लसच्या वायरवर वीतभर अंतरात फ्यूज दिसला नाही, तर तो बसवेपर्यंत होडी वाळूवरच राहू द्या.