खिडकीतला कप



गेल्या महिन्यात आम्ही दोघं सांगलीहून कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आलो. पूर्वी एसटी आणि वडापने जायचो. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून भाड्याची गाडी केली. २८ फुटी बाहुबली भगवंतांचं दर्शन घेतलं, मन शांत झालं.

परतताना सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून झाडाखाली गाडी थांबवली. ड्रायव्हरदादांना दशम्या आणि चटणी कागदावर वाढून दिली. ते गाडीच्या पलीकडे जाऊन बसले. पाण्यासाठी मी फुलपात्र काढू लागले, तर म्हणाले, "राहू दे काकू, माझा पेला आहे माझ्याकडं. तुमचं भांडं कशाला?"

आवाजात राग नव्हता. रोजचंच असल्यासारखं बोलले. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

बी.कॉम. झाल्यावर लग्नाआधी दोन वर्षं मी एका बँकेत कारकून होते. साहेबांना कपबशीत चहा यायचा, आम्हाला काचेच्या ग्लासात. शिपायाचा ग्लास मोरीजवळ पालथा असायचा. साहेबांची कपबशी बघून मला अपमान वाटायचा. शिपायाच्या ग्लासाकडे मात्र माझं कधी लक्षच गेलं नाही. अपमान वरून आला की कळतो, आपण खाली दिलेला कळत नाही.

आता घरचं सांगते. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. कान तुटलेला. सासूबाईंपासूनची रीत. तोंडाने मावशी म्हणायचं आणि कप वेगळा ठेवायचा! आपल्या घरातली सगळी भांडी त्याच हातांनी घासलेली असतात, हे आपण सोयीने विसरतो.

मी स्वतःची समजूत घालायचे, की हे सोवळ्यासाठी, खाण्यापिण्यातल्या शुद्धीसाठी. मुनीमहाराजांच्या आहाराच्या चौक्यात नियम पाळतो, ते बरोबरच आहे. पण ह्यांच्या ऑफिसातले साहेब सहकुटुंब येतात, तेही कांदा-लसूण खातात. त्यांना मी कपाटातली चांगली कपबशी काढते. म्हणजे हिशोब शुद्धीचा नव्हताच, मोठेपणाचा होता. धर्माच्या खात्यावर मी चुकीची रक्कम टाकत होते.

पाठशाळेत आपण रत्नकरंड श्रावकाचारातले आठ मद पाठ केले होते. त्यात कुलाचा मद आहे, जातीचा आहे. मी ते घडाघडा म्हणून दाखवायचे. खिडकीतला कप त्या यादीत बसतो, हे कळायला साठी उलटावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्यातल्याच कपात चहा दिला आणि खुर्ची पुढे केली. त्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, तरी इतकी वर्षं मी त्यांना अगं-तूगं करत आले. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, माझा कप फुटला का?"

मला उत्तर देता आलं नाही.

तो कप मी आता रॅकमध्ये आमच्या कपांत ठेवलाय. मावशी अजून तोच शोधून घेतात आणि खालीच बसतात. मी शेजारी पाटावर बसते. गुडघे दुखतात, पण बसते.

तुमच्या खिडकीत बघा बरं, काय आहे?