दोन समुद्रांना जोडणारी वाट आणि गोसीखुर्दचे पाणी

विदर्भाला समुद्र नाही, ही आपली जुनी खंत. पनवेलहून निघून गोवा, कर्नाटक, केरळ अशी किनारपट्टी पाहत कन्याकुमारीला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ कोकणाच्या वाट्याला आला. तथापि वाचकहो, आपल्या अंगणावरूनही एक सागरी रस्ता जातो, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. तो किनाऱ्याकिनाऱ्याने जात नाही, एका किनाऱ्यापासून थेट दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जातो. सुरतेजवळच्या हजिऱ्याला अरबी समुद्राचा निरोप घेऊन धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा पूर्वेकडे सरकत तो रायपूर, संबळपूरमार्गे ओडिशातील पारादीप बंदरात बंगालच्या उपसागराला भेटतो. हाच राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३.

जुन्या पिढीतील वाचक त्याला 'सहा नंबर' म्हणूनच ओळखतील. हजिरा ते कोलकाता जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. २०१० मधील फेररचनेत त्याला आजचा क्रमांक मिळाला. त्याही आधी, इंग्रजी अमदानीत, नागपूर ते रायपूर या टप्प्याला 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणत, रायपुरात 'जी. ई. रोड' हे नाव आजही चालते. आशियाई महामार्ग क्रमांक ४६ याच वाटेने जातो. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरच्या एकेरी पट्ट्याचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून विश्वविक्रम नोंदवला गेला, तोही याच रस्त्यावर.

या रस्त्याने मी गेल्या हिवाळ्यात माझ्या आत्याबाईंना गोसीखुर्दला नेले. त्यांचे वय ८१. त्यांचे सासर धरणाच्या पाण्याखाली गेले. नव्या गावठाणात काही वर्षे काढून त्या नागपुरात मुलाकडे आल्या. रोज संध्याकाळी त्यांचा एकच प्रश्न असे, "आपली चिंच उभी हाय का बापा?" त्यांना पाणी दाखवावे की दाखवू नये, यावर घरात मतभेद होते. रक्तदाब, गुडघे, त्यात मनाला बसणारा धक्का, अशी मुलाची रास्त भीती होती. तुमच्याही घरी असा एखादा प्रश्न अडकून पडला असेल, तर आम्ही काय केले ते सांगतो.

प्रथम आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. प्रकृती तपासून त्यांनी प्रवासाला संमती दिली. मात्र लघवी वाढवणाऱ्या गोळीची त्या दिवसाची वेळ त्यांनीच ठरवून दिली. अशी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने वृद्ध माणसे पाणी पिणेच सोडतात. त्यातून अशक्तपणा, चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, कधी कधी गोंधळलेपणही संभवते. म्हणून थांबे आधीच ठरवावेत आणि 'येथे थांबणार आहोत' हे त्यांना निघतानाच सांगावे. मग त्या निश्चिंतपणे घोटभर पाणी पितात. औषधे आणि चिठ्ठीची प्रत गाडीच्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत असावी. उन्हात तापलेल्या डिकीत औषधे खराब होतात.

नागपूर ते भंडारा हे अंतर साठेक किलोमीटर. रस्ता चौपदरी, धक्के कमी. पण सुखद रस्त्यावरच माणूस थांबायचे विसरतो. फार वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने घोटे सुजतात, शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचाही धोका वाढतो. दर तासा-सव्वातासाने गाडी बाजूला सुरक्षित जागी उभी करावी. बसल्या जागी घोटे फिरवावेत. उतरताना आधी क्षणभर पाय जमिनीवर टेकून बसावे, मगच उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक काळजी घेणाऱ्याला पाठ असावेत.

पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याला वैनगंगा भेटते. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. रस्ता आणि नदी, दोघेही एकाच समुद्राकडे निघालेले! येथे आम्ही महामार्ग सोडला आणि अड्याळमार्गे पवनीची वाट धरली. पवनी हे घाटांचे आणि देवळांचे प्राचीन गाव. 'विदर्भाची काशी' म्हणून त्याचा लौकिक. १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. घाटाच्या पायऱ्या आत्याबाईंना झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून वरूनच नदीला हात जोडून आम्ही पुढे निघालो.

पवनीहून दहाएक किलोमीटरवर गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाची लांबी अकरा किलोमीटरहून अधिक, दरवाजे ३३. पावसाळ्यात ते उघडले की नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो. उन्हाळ्यात येथील ऊन वृद्धांना सोसवत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा, दुपारपूर्वी पोहोचावे आणि जेथे जाण्यास मनाई आहे तेथे हट्ट धरू नये. आम्ही घडीची खुर्ची, छत्री आणि घरची भाजी-पोळी सोबत नेली होती.

समोर क्षितिजापर्यंत पाणी. कोणालाही समुद्रच वाटावा. आत्याबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाव कोटी हाय बापा?" मी उत्तरेकडे हात केला. नेमकी जागा मलाही सांगता येत नव्हती, आणि ते मी लपवले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे पानी कोटी जाते?" मी म्हटले, कालव्यांनी शेतात जाते, पवनी, लाखांदूरकडे, चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सावलीकडे. "धान होते तं होवो," त्या म्हणाल्या. "पन मले एकदा दाखवाले पायजे होतं. पयलेच."

वाचकहो, या शेवटच्या शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्यांच्या हृदयाची काळजी घेत होतो आणि नऊ वर्षे त्यांना त्यांच्या दुःखापासून दूर ठेवत होतो. दूर ठेवलेले दुःख मात्र रोज संध्याकाळी आमच्याच उंबरठ्यावर येऊन बसत होते.

या प्रवासाने सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. परतल्यावर तीन रात्री त्या रडल्या. कोणीतरी जवळ झोपावे, रक्तदाब मोजत राहावे, झोप आणि जेवण यांवर लक्ष ठेवावे, हे आम्ही आधीच ठरवले होते, म्हणून निभावले. तुम्हीही अशा भेटीनंतरचे चार-सहा दिवस मोकळे ठेवा. उदासी आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे टिकली, जेवण सुटले, तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

चौथ्या संध्याकाळी त्या नेहमीच्या जागी बसल्या. 'चिंच उभी हाय का' हा प्रश्न आला नाही. "चिंच होती," त्यांनी नातीला सांगायला सुरुवात केली, "तिच्याखाली आमी धान वारवत होतो..."

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचीही अशी एखादी वाट राहून गेली असेल. माहेरचा घाट असेल, नोकरीचे पहिले गाव असेल, नाहीतर खराखुरा समुद्र असेल. त्यांना एकदा विचारा. प्रकृती साथ देत नसेल तर प्रवास पुढे ढकला. विचारणे मात्र पुढे ढकलू नका.