निळा पडलेला बेंड पाइप

बाबांची 1994 ची बुलेट आता माझ्याकडे आहे. गुडघ्यांमुळे त्यांना किक मारवत नाही, म्हणून मागच्या दिवाळीत त्यांनी ती नाशिकहून पुण्याला पाठवली. सोबत फोनवर सूचना: "दर रविवारी पुसायची. बेंड निळा पडू द्यायचा नाही."

क्रोमचा सायलेन्सर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे दुखणं माहीत असेल. इंजिनातून निघून पाइप जिथे वळतो तिथे आधी पिवळसर झाक येते, मग तांबूस, जांभळी आणि शेवटी मोरपंखी निळी. ओल्या फडक्याने कितीही पुसा, ढिम्म हलत नाही. कारण तो मळ नाहीच. तापलेल्या धातूचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर बसतो. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर इंद्रधनुष्य दिसतं ना, तोच प्रकार. प्रकाश थराच्या वरून आणि खालून परततो, दोन्हींची सरमिसळ होते आणि रंग दिसतो. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो.

म्हणजे गंमत बघा, पाइप किती तापला याची नोंद पाइपच ठेवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉग फाइल आहे. आणि आपण काय करतो? पॉलिश आणून लॉग डिलीट करतो!

बाबांनी वर्षानुवर्षं तेच केलं, ब्रासोने. शोभेच्या क्रोमचा थर साधारण अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढाही नाही. त्याखाली निकेल आणि त्याखाली लोखंड. दर घासण्यात रंगाबरोबर थोडं क्रोमही जातं. आमच्या बेंडवर वळणापाशी हातभर नाही, पण चांगलं बोटभर पिवळट निकेल उघडं पडलंय. ते आता कुठल्याच पॉलिशने पांढरं होणार नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना मी विचारलं, नवीन बेंड टाकू का? ते म्हणाले, "टाका की. दोन महिन्यांत तोही निळा होईल. आधी गाडी का तापते ते बघू दे."

त्यांनी पॉइंट उघडले. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी हवा. आमचा झिजून जवळजवळ मिटला होता. गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडते, पेट्रोल उशिरा जळतं आणि सिलेंडरमध्ये खर्च व्हायची उष्णता थेट पाइपात उतरते. कार्ब्युरेटरच्या जोडातून हवा ओढली जात असेल किंवा जेट तुंबला असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं; त्यानेही गाडी तापते. नुसता पाइप निळा झाला तर बिघडत नाही हो, पण त्याच आगीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि मग इंजिन खोलावं लागतं. बाबांचा बेंड दर रविवारी चकचकीत होत होता, म्हणून हे कुणाला दिसलंच नाही.

टायमिंग लावून घेतल्यावर एकदाच, अगदी हलक्या हाताने पॉलिश केलं. चार महिन्यांनी आता फक्त फिकट पिवळी झाक आहे. एकेरी पत्र्याच्या पाइपला तेवढी येणारच. पुन्हा क्रोम करून घ्यायचा विचार सोडून दिला. पारंपरिक प्लेटिंगच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ते माणसात कॅन्सर घडवणारं म्हणून सिद्ध झालंय. बोटभर पिवळेपणासाठी कुणाला तरी त्या वाफेत उभं करायचं, हे काही पटलं नाही.

तुमच्यासाठी थोडक्यात: उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवू नका, वारा नसला की पाइप जास्त तापतो. नवीन पाइपवरचे बोटांचे आणि ऑइलचे डाग गाडी सुरू करायच्या आधी पुसा, नाहीतर ते भाजून पक्के बसतात. जाड तारेची घासणी अजिबात नको. रेनकोटची पँट चिकटलीच, तर पाइप थंड झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडा. आणि सेकंडहँड बुलेट घ्यायला गेलात आणि जुन्या गाडीचा बेंड आरशासारखा दिसला, तर खूश होण्याआधी विचारा, "हा पॉलिश कधी केला?"