गड्डा जगला पाहिजे

इंग्लंडमध्ये केळ लावायची तर घडाची आशा सोडून लावावी. नॉटिंगहॅमला माझ्या घरामागे आहे ती मूसा बास्जू. मूळची दक्षिण चीनमधली, पण सगळीकडे जपानी केळ म्हणून विकली जाते. तिला फळ धरलंच तर बोटाएवढं, बियांनी भरलेलं, खाण्याच्या कामाचं नाही. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. तिकडे केळीचा सगळा हिशेब घडाचा, पानाला कोण विचारतो? इथे मी पानासाठीच केळ लावली. गणपतीच्या सुमाराला तिची पानं भरात असतात. ताज्या पानावर गरम वरणभात वाढला की जो वास सुटतो, तो दुकानातल्या गोठवलेल्या पानाला कधीच येत नाही. वर्षातून त्या एका जेवणासाठी मी हिवाळाभर या झाडाची उस्तवार करते आणि मला ती आनंदाची वाटते.

थंडीत केळीचे हाल होतात ते मी लहानपणापासून पाहिलेत. डिसेंबर-जानेवारीत तापीकाठचा पारा 8-9 अंशांवर उतरला की पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, अडकतो, पानांवर चरका येतो, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. पावसाळा सरताना लावलेली केळ, म्हणजे कांदेबाग, तेव्हा कोवळी असते. माझे वडील, आप्पा, रात्री विहिरीचं पाणी सोडायचे, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचे. इथे पारा शून्याखाली जातो. डिसेंबर 2022 च्या थंडीच्या लाटेत तर गवतावर गोठलेलं दव दुपारीही तसंच पांढरं राहायचं. धुराने भागण्यासारखी ही थंडी नव्हे.

तरी केळ जगते, ती तिच्या घडणीमुळे. वर दिसतो तो खांब म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं, आणि त्यांत बहुतेक पाणीच. खरं खोड जमिनीत असतं, तो गड्डा. केळ निसवायला लागेपर्यंत वाढीचा कोंब तिथेच, जमिनीलगत बसलेला असतो. पहिल्या कडक रात्रीत पानं काळी पडतात. उणे 5 च्या आसपास वरचा खांबही गोठतो आणि पुढे मऊ पडून नासतो. पण नीट झाकलेला गड्डा उणे 10 च्याही खाली तग धरतो. व्हिडिओ कॉलवर आप्पांना मी काळवंडलेली पानं दाखवली, तेव्हा ते लगेच म्हणाले, “वरचं गेलं तर जाऊ दे गं, गड्डा जगला पाहिजे. पिलं येतील.”

पहिलं पील मला शेजारच्या आजोबांनी दिलं. ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या प्रसिद्ध बागेत ख्रिस्टोफर लॉइड आणि फर्गस गॅरेट यांनी 1990 च्या दशकात जुनी गुलाबबाग काढून तिथे केळी, कर्दळी लावल्या होत्या. ती बाग पाहून आल्यापासून आजोबांना केळीचा नाद लागला. बांधायची रीतही त्यांनीच शिकवली. नोव्हेंबरात पानं कापायची, खांब कंबरेइतका ठेवायचा. भोवती चार खुंट्या रोवून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी फिरवायची आणि आत गव्हाचं कोरडं काड भरायचं. फार दाबून नाही, कारण काडातल्या मोकळ्या हवेमुळेच ऊब राहते. बुंध्याशी पालापाचोळ्याचा वीतभर जाड थर. या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वरचं झाकण. इथल्या हिवाळ्यात थंडीपेक्षा ओल जास्त केळी मारते. कापलेल्या खांबात पावसाचं पाणी उतरलं की सड वरून सुरू होते आणि गड्ड्यापर्यंत पोचते. म्हणून माथ्यावर पत्रा, कौल, उपडी बादली, काहीही चालेल, पण पाणी आत जाता कामा नये. मात्र प्लास्टिकने सगळी केळ आवळून टाकू नये. आतला दमटपणा कोंडून राहतो आणि झाड उबेतच कुजतं.

लाल पानांची दुसरी केळ मात्र बाहेर ठेवून चालत नाही. एन्सेटे तिचं नाव, मूळ आफ्रिकेतलं. इथिओपियाच्या दक्षिणेत लाखो लोकांच्या पोटाला तिचाच आधार आहे. खांबाचा आणि गड्ड्याचा गर खड्ड्यात आंबवून ते त्याची कोचो नावाची भाकरी करतात. हिला पिलं फुटत नाहीत, त्यामुळे गड्डा गेला की झाड गेलं. ऑक्टोबरअखेर मी ती मुळांसकट काढते, मधला पोंगा ठेवून बाकी पानं छाटते आणि सोपटांतलं पाणी निथळावं म्हणून काही दिवस उलटी टांगते. मग गॅरेजमध्ये कोरड्या खोक्यात उभी करते. तिथे 5 ते 10 अंश असतात. मार्चपर्यंत पाणी जवळपास बंद. अधूनमधून बोटाने दाबून बघायचं. मऊ लागलं तर तेवढा भाग निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापायचा आणि वर गंधकाची भुकटी चोळायची.

एप्रिल सरताना जपानी केळीच्या काडात हात घातला की कधीकधी पोंगा आधीच वर आलेला हाताला लागतो. कोवळा, ओलसर, फिकट हिरवा. त्या क्षणी मला माहेरची पिलबाग आठवते. पण सगळं सोडवण्याची घाई मी करत नाही, या भागात मेच्या मध्यापर्यंत एखादी रात्र दगा देते. तोवर पोंग्यावर पातळ पांढरं कापड टाकते, आपल्याकडे टरबुजाला क्रॉप कव्हर घालतात तसलंच.

थंड मुलखात राहणाऱ्या आपल्या माणसांना सांगणं एवढंच, की जपानी केळ जरूर लावा, काड ऑक्टोबरातच आणून कोरडं ठेवा आणि मे उजाडूनही कोंब दिसला नाही तर गड्डा उपटून फेकू नका. जूनपर्यंत थांबा. कितीतरी केळी वरून मेल्यासारख्या दिसतात आणि जूनमध्ये बाजूने पिलं काढतात.