येत्या रविवारी म्हणजे कधी?

पुण्यातल्या आईबाबांना मुलांना घेऊन आसपास कुठे जाता येईल ते सांगणारं ॲप करायचं, एवढंच आमचं काम. अडलो पहिल्याच पडद्यावर. 'उपक्रम' लिहिलं तर शाळेच्या सूचनावहीचा वास येतो. 'कार्यक्रम' म्हटलं की दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन. शेवटी 'कुठे जाऊ या?' ठेवलं. 'मोफत' की 'निःशुल्क' यावर दोन दिवस भांडलो. शोधणारे 'फ्री' टाइप करतात, हे नंतर कळलं.

*

माहितीचा मुख्य झरा म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारी पोस्टरं. 'मातीकाम शिबिर, येत्या रविवारी, सकाळी १०.' तारीख नाही, महिना नाही. तीन आठवड्यांनी तेच पोस्टर दुसऱ्या ग्रुपवरून परत आलं, तेव्हाही रविवार येताच होता. आता नियम केलाय: तारीख आणि वार जुळल्याशिवाय नोंद चढवायची नाही, दिवस उलटला की ती आपोआप उतरली पाहिजे. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस कुणीतरी आयोजकांना फोन लावत बसायचं. ॲप म्हणतात त्यातलं निम्मं काम असं फोनवरचंच आहे, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

*

एका आजोबांच्या हातात चाचणीसाठी फोन दिला. नातवासाठी त्यांनी शोधलं, 'पेशवे पार्क वाघ'. उत्तर आलं: काहीही सापडले नाही. तसं ते खरंच. तिथले प्राणी कधीच कात्रजला गेले, १९५६ साली सुरू झालेली फुलराणी ही छोटी आगगाडी तेवढी मागे राहिली. पण सत्तरीच्या माणसाला 'काहीही सापडले नाही' असं तोंडावर सांगायचं? आता तोच शोध कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाकडे नेतो, आणि नावाखाली पहिली ओळ येते: बुधवारी बंद. ही ओळ वाघाच्या फोटोपेक्षा ठळक केली. फोटो बघून कुणी परत फिरत नाही, कुलूप बघून फिरतं.

*

शिबिर, शिबीर, शीबीर, आणि रोमन लिपीतले चार प्रकार. शुद्धलेखन शिकवायला बसलो नाही, सगळे चालतात.

*

'५ किलोमीटरच्या आत' निवडलं की नकाशा घराभोवती गोल काढतो. कोथरूडच्या घराभोवतीच्या गोलात पाषाणची कार्यशाळा अगदी हाताशी दिसते. मधे वेताळ टेकडी आहे, हे गोलाला कुठून कळणार? पक्षी जाईल थेट. स्कूटर, तिच्यावर आई आणि पुढे उभा मुलगा, हे सगळं वळसा घालून जाणार. किलोमीटर काढून मिनिटं टाकली. त्यावर एक आई म्हणाली, "मिनिटांचं सोडा हो, गाडी कुठे लावायची ते सांगा."

*

वयाची चाळणी. घरात तीन वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. आमच्या प्रोग्रॅमरचा प्रश्न सरळ: दोघांनाही चालेल असं दाखवू, की दोघांपैकी एकाला? पहिल्यात यादी जवळजवळ रिकामी, दुसऱ्यात भाराभर निरुपयोगी. बऱ्याच पालकांशी बोलल्यावर तिसरंच उत्तर निघालं. मोठ्याला करायला काही हवं, आणि तेवढा वेळ धाकटीला सुरक्षित पळायला जागा हवी. आपण ज्याला ॲक्टिव्हिटी म्हणतो, त्यात अंगण धरलेलंच नव्हतं. मग प्रत्येक जागेपुढे 'धाकट्यांसाठी मोकळी जागा' असा रकाना आला. त्याच्या शेजारी आणखी एक, जो सगळ्या आयांनी न विचारता सांगितला: शूची सोय.

*

पहिल्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, फोटो, सगळं मागितलं होतं. मग २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचला. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण त्यात मूल आहे. त्याची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई. कायद्याचं राहू द्या. शाळेचं नाव आपल्याला कशाला हवंय, या प्रश्नाला बैठकीत एकालाही उत्तर देता आलं नाही. आता फक्त वय विचारतो. तेही फोनबाहेर जात नाही.

*

बटण केवढं असावं याचे आकडे ठरलेले आहेत: ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी. आम्ही चाचणी उभ्याने घेतली, एका हातात पाण्याची बाटली आणि दप्तर देऊन. वरच्या कोपऱ्यातल्या 'शोधा'पर्यंत कुणाचाच अंगठा पोचला नाही. ते खाली आणलं.

*

'आयुकात दुसऱ्या शनिवारी व्याख्यान.' एका फोनवर यातला 'ऱ्या' फुटला, रफार होऊन 'र्या' झाला. आमच्याखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नाही. तरी टंक बदलला.

*

निघताना त्या आजोबांनी विचारलं, "बसायला बाक असतं का, ते यात दिसतं?" दिसत नव्हतं. ती माहिती कुठल्याच नकाशात नाही, पोस्टरवर तर नाहीच. उद्या दुपारी चारला सारसबागेत जायचंय, बाकं मोजायला. सावलीतली वेगळी, उन्हातली वेगळी.