वाटीचं तोंड धारेकडे

२०२०च्या टाळेबंदीत कामाच्या मावशींना येता येईना, तेव्हा पुण्यातल्या आमच्या घरी डिशवॉशर आला. तेव्हापासून तो भरायचं काम मी दुसऱ्या कोणाला सहसा देत नाही.

त्यात पाणी नळासारखं वरून पडत नाही. आतले पंखे गरागरा फिरतात, त्यांच्या भोकांतून गरम पाण्याच्या धारा उसळतात आणि खाली जमलेलं तेच पाणी गाळणीतून जाऊन पुन्हा फेकलं जातं. म्हणजे ज्या भांड्याचं तोंड धारेकडे नाही, ते खरकटंच राहणार.

जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात ताटल्या-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे होते. आपल्याकडे खरी परीक्षा असते वाट्यांची. आमटीची, उसळीची, ताकाची. जेवणं आटोपली की ओट्यावर नुसत्या वाट्याच. त्या सपाट पालथ्या घातल्या तर बुडाच्या खळग्यात साबणाचं पाणी साचून राहतं. म्हणून मी प्रत्येक वाटी दात्यांवर तिरकी टेकवते, तोंड खाली आणि मधल्या बाजूला. एक वाटी दुसरीत सरकू नये एवढी फट हवीच. पातेली आणि कढई खालच्या कप्प्यात पालथी. डाव, पळी आडवी ठेवायची. दांडा खाली लोंबला की पंखा अडतो. भरून झालं की मी पंखा हाताने फिरवून बघते, मगच दार लावते.

खरकटी भांडी तशीच आत जाताना सासूबाईंना बघवत नसे. "अगं, विसळून तरी घे," म्हणायच्या. शितं, कढीपत्ता, मोहरी मी निपटून काढतेच, नाहीतर गाळणी तुंबते. पण आमटीचा ओघळ राहू देते. स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स पावडरीत असतात, ती त्यासाठीच. विसळण्यात बादलीभर पाणी घालवायचं तर हे यंत्र घेतलं कशाला?

पितळ, तांबं, लोखंडी तवा आणि पोळपाट-लाटणं आत जात नाही. ॲल्युमिनियम काळं पडतं. स्टीलचा कुकर चालतो, पण त्याची शिट्टी मी हातानेच धुते. वाफेच्या वाटेत शीत अडकणं हा धोक्याचा मामला आहे. बोअरचं पाणी जड असेल तर मिठाचा कप्पा रिकामा ठेवू नये, भांड्यांवर पांढरे डाग धरतात. त्यात डिशवॉशरचंच मीठ घालावं, स्वयंपाकाचं नाही.

काढताना आधी खालचा कप्पा. वरचा आधी ओढला की कपांच्या बुडातलं पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडतं. फेरी संपल्यावर दार थोडा वेळ किलकिलं ठेवलं की स्टील आपल्याच उष्णतेने वाळतं. प्लॅस्टिक ऊब धरून ठेवत नाही, त्यामुळे डब्यांची झाकणं ओलीच निघतात. त्यांच्या खाचा सासूबाई पंच्याच्या टोकाने पुसून काढतात, मग डबे फळीवर जातात.